गोठ्याशेजारची जुनी मोटार : मोडीत घालण्याआधी तिची जात ओळखा



दिवाळीपूर्वी घर-अंगण झाडायला काढले की भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीबोळांतून फिरू लागतो. मोडका नांगर, जळालेली मोटार, गंजलेले पत्रे त्यात जातात. ते ठीकच आहे. पण कधी कधी त्याच टेम्पोमागे साखळदंडाने बांधून आजोबांच्या वेळची चारचाकीही जाते. कडब्याच्या पेंढ्यांखाली ती तीस-चाळीस वर्षे उभी असते. ती कोणती, कुठली, किती सालची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तिचा भाव लोखंडाच्या काट्यावर ठरतो.

बियाण्याची पिशवी घेताना आपण वाण विचारतो. बैल घेताना दात पाहतो, म्हैस घेताना कास पाहतो. मग घरातली मोटार देताना तिची जात का पाहू नये? एकदा गॅस कटरने कापलेली गाडी पुन्हा उभी राहत नाही. म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे : आधी ओळख, मग निर्णय, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी.

आज आपण जुन्या अमेरिकन दोन दारी मोटारीचा, म्हणजे ‘कूपे’चा विचार करू. तुमच्याकडची गाडी चार दारांची असली तरी यातील बहुतेक माहिती तिलाही लागू पडेल.

अमेरिकन गाडी आपल्या वाड्यात कशी आली?

तळेगाव दाभाड्याच्या वाचकांना शेव्हरोले हे नाव नवे नाही. जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना येथे २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील गाड्यांचे उत्पादन थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. आपल्या भागातील कित्येक मुलांनी तेथे शेव्हरोलेच्या गाड्या जुळवल्या. पण या नावाचा महाराष्ट्राशी संबंध त्याहून ८० वर्षे जुना आहे. याच कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने यायचे आणि येथे गाडी उभी राहायची. फोर्ड कंपनीही त्याच सुमारास आपल्या देशात गाड्या जुळवू लागली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या.

१९५३ साली सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना येथे भाग बनवायचे नाहीत, नुसते जुळवायचे आहेत, त्यांनी काम थांबवावे. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डनेही काम आवरले. त्यामुळे तुमच्या वाड्यातील अमेरिकन गाडी १९५४ च्या आधीची असण्याचा संभव मोठा आहे.

मुंबई-पुण्याचा जुना रस्ता खंडाळ्याचा घाट चढून वडगाव-तळेगावच्या अंगाने जातो. मोठे इंजिन, उंच चाके आणि जाड पाटे यांमुळे या गाड्या घाटालाही चालत आणि कच्च्या रस्त्यालाही. डॉक्टर, वकील, व्यापारी, बागायतदार यांनी त्या घेतल्या. पुढे पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनात आणि गाडी जिथे थांबली तिथेच राहिली.

कूपे म्हणजे काय?

कूपे म्हणजे पक्क्या छताची, दोन दारांची, आखूड खोलीची मोटार. पुढे एकच आडवे बाक, मागे लांब उतरते शेपूट. अमेरिकेत फिरते विक्रेते अशी गाडी वापरत; मागच्या मोठ्या जागेत नमुन्यांच्या पेट्या राहत. तिला ‘बिझनेस कूपे’ म्हणत. काही गाड्यांत मागचे झाकण उलटे उघडले की उघड्यावरचे दोन माणसांचे बाक तयार होई. त्या बाकाला इंग्रज लोक ‘डिकी’ म्हणत. आज आपण कोणत्याही मोटारीच्या मागच्या कप्प्याला डिकी म्हणतो, तो शब्द तिथून आला.

शेतकऱ्यालाही ही गाडी उपयोगी पडली. ऑस्ट्रेलियात १९३४ साली फोर्ड कंपनीने पुढे कूपे आणि मागे माल भरायचा हौदा अशी गाडी काढली. एका शेतकरी बाईने कंपनीला पत्र लिहिले होते की, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी आम्हाला द्या. त्यातून ही गाडी निघाली असे सांगतात. ल्यू बँड नावाच्या तरुण आरेखकाने तिचा आराखडा केला. आजच्या पिकअपच्या घराण्यातील ती एक आजी समजा.

ओळख कशी करावी?

पहिले काम म्हणजे गाडी न हलवता चहूबाजूंनी छायाचित्रे काढणे. पायात बूट आणि हातात हातमोजे घाला. आत साप, विंचू, उंदरांची बिळे असतात. पत्रा लागला तर धनुर्वाताची सुई घेण्यात हयगय करू नका. नंतर पुढील खुणा एका वहीत लिहा.

*घराण्याची खूण.* रेडिएटरच्या माथ्यावर किंवा बॉनेटच्या टोकावर बिल्ला असतो. लंबगोलात नाव असेल तर फोर्ड. गळ्यात बांधायच्या ‘बो’सारखी आडवी खूण असेल तर शेव्हरोले. शिडाचे जहाज असेल तर प्लिमथ, मेंढा असेल तर १९३२ च्या सुमारास किंवा नंतरची डॉज, आणि अमेरिकेच्या मूळ रहिवासी सरदाराचे मस्तक असेल तर पाँटिअॅक. बिल्ला हरवला असेल तर चाकाच्या टोप्या, दाराच्या कड्या आणि पायाखालची पेडले यांवर नाव शोधा.

*काळाची खूण.* गाडीचे अवयवच तिचे वय सांगतात.

चाकाला लाकडी आरे असतील तर गाडी बहुधा १९२० च्या दशकातली. तारेचे आरे असतील तर साधारण १९२८ ते १९३५ मधली. सपाट पोलादी तबकडी असेल तर त्यानंतरची.

छताच्या मध्यभागी कापड बसवलेले असेल तर गाडी जुन्या बांधणीची. शेव्हरोलेच्या घराण्यात अखंड पोलादी छप्पर १९३५ पासून आले, फोर्डमध्ये १९३७ पासून.

गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला असेल तर ती बहुधा १९३९ च्या आधीची. त्यानंतर तो स्टिअरिंगच्या खाली गेला. पुढचा दिवा काच-आरशासह एकसंध सीलबंद असेल तर १९४० किंवा नंतरची. मात्र दिवे मागाहून बदललेले असू शकतात.

ब्रेक लोखंडी सळ्यांचे आहेत की तेलाचे, हेही पाहा. प्लिमथला पहिल्यापासून, म्हणजे १९२८ पासून, तेलाचे ब्रेक होते. शेव्हरोलेला ते १९३६ साली आणि फोर्डला १९३९ साली आले.

युद्धामुळे अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पासून १९४५ पर्यंत नागरी मोटारी बनल्याच नाहीत. युद्ध संपल्यावर आधी १९४२ चाच नमुना थोड्या फरकाने पुन्हा काढला गेला. म्हणून १९४२ आणि १९४६ च्या गाड्यांत नवख्याची फसगत होते.

*मापाची खूण.* पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड ‘ए’चे हे माप १०३.५ इंच आहे, १९२९ च्या शेव्हरोलेचे १०७ इंच. त्या शेव्हरोलेचे इंजिन सहा सिलिंडरचे, तर फोर्ड ‘ए’चे चार सिलिंडरचे. १९३२ पासून फोर्डने आठ सिलिंडरचे व्ही आकाराचे इंजिन दिले. प्लग मोजले तरी पुष्कळ उलगडा होतो.

*आकड्यांची खूण.* चासीचा नंबर, इंजिनचा नंबर आणि बॉनेटखालच्या पत्र्यावरची पट्टी या तीन गोष्टी शोधा. फोर्ड ‘ए’चा नंबर इंजिनच्या डाव्या अंगाला, पाणी शिरते त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो, शेव्हरोलेचा सहसा उजव्या अंगाला. शेव्हरोलेच्या ओतीव इंजिनावर ओतल्याची तारीखही उठलेली असते. पहिले अक्षर महिन्याचे, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ७’ म्हणजे तिसऱ्या महिन्याची १४ तारीख, साल १९३७ किंवा १९४७. दशक इतर खुणांवरून ठरवावे. ‘बॉडी बाय फिशर’ अशी पट्टी असली तर तीवरील नमुना क्रमांकाचे पहिले दोन आकडे सालाचे असतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बदललेले असू शकते. तेव्हा एकट्या इंजिनवरून गाडीचे साल ठरवू नका. तसेच पट्टीवर कॅनडाचे नाव दिसले तर गोंधळू नका. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या पुष्कळ अमेरिकन गाड्या कॅनडातील कारखान्यांतून येत. फोर्ड ‘ए’च्या इंजिन नंबराआधी ‘सीए’ असेल तर ते कॅनडाचे समजावे.

नंबर नीट दिसत नाही म्हणून तो खरवडू नका, पुन्हा ठोकून तर मुळीच घेऊ नका. रॉकेलच्या बोळ्याने पुसा, तिरपा उजेड टाका आणि छायाचित्र घ्या. खाडाखोड केलेला नंबर पुढे कायद्याच्या कामात घात करतो.

*खरी कूपे की कापलेली?* ही परीक्षा महत्त्वाची आहे. दूध, भाजी, पोती नेण्यासाठी चार दारी गाडीचा मागचा भाग कापून हौदा करता येतो, आणि पुढे पत्रा जोडून तिला ‘कूपे’ म्हणून खपवताही येते. खऱ्या कूपेची दारे त्याच कंपनीच्या चार दारी गाडीच्या पुढच्या दारांपेक्षा सहसा लांब असतात. दाराच्या मागच्या खांबाशी, छताच्या आतल्या बाजूने आणि जमिनीच्या पत्र्याखाली हात फिरवा. कारखान्याचे टाके सरळ आणि समान अंतरावर असतात. गावठी वेल्डिंगची रेघ ओबडधोबड लागते.

शेवटची खूण घरातच आहे. आजीबाईंना विचारा. लग्नाची छायाचित्रे, जुनी ट्रंक, पेट्रोलच्या पावत्या, विम्याचे कागद शोधा. नवरा-नवरीच्या मागे उभी असलेली गाडी कधी कधी मूळ रंग, दिवे, बिल्ला सगळे सांगून जाते.

आहे तिथेच आधी जपा

जुन्या गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान गोठ्यात होते. जनावरांच्या मुत्रातून उठणारा अमोनिया पितळ आणि तांबे खातो. रेडिएटर तर याच धातूंचा. खताची पोती त्याहून वाईट. युरिया आणि पोटॅश हवेतील ओल ओढतात. पोटॅशमधील क्लोराइड लोखंडाला भराभर गंज लावते. म्हणून खत आणि गाडी एका छपराखाली ठेवू नका.

गाडीवर गोणपाट टाकू नका, तो ओल धरतो. प्लॅस्टिकचा कागद अंगाबरोबर गुंडाळू नका, आत घाम सुटतो. वर पत्रा, खाली कोरडी जमीन आणि चहूकडून वारा, एवढे पुरते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

१९३५ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः शेव्हरोलेमध्ये, बाहेर पत्रा आणि आत लाकडाचा सांगाडा असतो. दार लोंबत असेल तर बिजागरीला दोष देण्याआधी लाकूड टोचून पाहा. आत वाळवीने भुसा केलेला असतो. जुना तुकडा कितीही कुजला तरी फेकू नका. सुताराला नव्या मुरलेल्या सागाचा तुकडा घडवायला तोच नमुना लागतो.

दुरुस्तीचा क्रम

पुष्कळांची पहिली घाई इंजिन चालू करण्याची असते. बॅटरी जोडली, ट्रॅक्टरने ओढले, आणि पिस्टनच्या कड्या मोडल्या! तसे करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि पातळ तेल सोडा, आठ-दहा दिवस मुरू द्या. मग जुने तेल काढून नवे भरा आणि हाताने हँडल हळू फिरवा. अडले तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा.

ट्रॅक्टरची बॅटरी लावू नका. या काळातील बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, तुमची बॅटरी १२ व्होल्टची. शिवाय फोर्ड, डॉज, प्लिमथ यांत बहुधा बॅटरीची अधिक बाजू चासीला जोडलेली असते. शेव्हरोलेत उणे बाजू.

पेट्रोलची जुनी टाकी कधीही तशीच वेल्डिंगला देऊ नका. रिकामी दिसली तरी आतल्या वाफेचा स्फोट होतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसा-मक्याचे असले तरी जुन्या रबरी नळ्या आणि पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. ते नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका.

ब्रेक आधी, वेग नंतर. तेलाच्या ब्रेकात ब्रेकचेच तेल घाला. इंजिनचे तेल घातले तर रबर फुगते. जुन्या ब्रेकपट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि जुन्या रंगात शिसे असते. ती धूळ फुंकणीने उडवू नका, कोरडे घासू नका. तोंडाला चांगला मास्क लावा, ओले करून पुसा आणि पोराबाळांना लांब ठेवा.

गंज काढायला ऊसवाल्यांना एक स्वस्त उपाय आहे : साखर कारखान्याची पातळ काळी मळी. खत म्हणून येते ती प्रेसमडची नव्हे. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा पिंपात लोखंडी भाग आठ ते पंधरा दिवस बुडवा. मळीतील द्रव्ये गंज सोडवतात, चांगले लोखंड राहते. नंतर ब्रशने धुऊन, वाळवून लगेच प्रायमर मारा. अॅल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतीव धातूचे भाग त्यात टाकू नका. कार्ब्युरेटर तर नाहीच. पिंप झाकून ठेवा, जनावराने तोंड घालता कामा नये. मळीच्या खरेदी-साठवणीला उत्पादन शुल्क खात्याचे नियम आहेत, ते आधी विचारा.

सुट्या भागांची फार चिंता नको. जुन्या इंजिनांतील बेअरिंगे पांढऱ्या धातूची ओतीव असतात. ती ओतणारा जुना जाणता कारागीर शोधावा लागतो. पण बुश, पिन, शाफ्ट, सळ्या यांसाठी तळेगाव, चाकण, भोसरीच्या पट्ट्यात लेथ आणि टूलरूमची वाण नाही. आयटीआय झालेला घरचा मुलगा किंवा निवृत्त फिटर हाताशी असेल तर निम्मे काम झाले. १९४० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक गाड्यांच्या काचा सपाट आहेत. जुन्या काचेच्या मापाने थरांची सुरक्षित काच कापून मिळते.

प्रत्येक भाग काढताना चिठ्ठी बांधा, छायाचित्र घ्या, नटबोल्ट डब्यात घाला. आणि एक पथ्य पाळा : जे मूळचे आहे ते जमेल तितके राखा. डिझेल इंजिन बसवणे, छप्पर कापणे, आधुनिक चाके लावणे याने गाडी चालेल, पण तिची जात जाईल. कायदाही तेच पाहतो.

कागदपत्रे

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढील नोंदणीला ५,००० रुपये. विमा, आणि पूर्वी नोंदलेल्या गाडीचे जुने आर.सी. बुक लागते. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याने चालवता येत नाही. लग्नाच्या वराती करून पैसे मिळवू, असा बेत असेल तर हे आधी समजून घ्या.

आपल्याकडे खरी अडचण वारसांची असते. गाडी आजोबांच्या नावावर, वारस तीन भावांत आणि दोन बहिणींत. सातबाऱ्यावर वारस लावतो तसे गाडीचेही पाहावे लागते. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना ३१ भरावा लागतो. बहिणींना विचारल्याशिवाय गाडी विकू नका, आणि त्यांच्या संमतीशिवाय खर्चही सुरू करू नका. गाडीपायी माहेर तुटायला नको.

पैशाचे गणित

अशी गाडी उभी करणे हे नफ्याचे पीक नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न शून्य आणि खर्च मात्र हप्त्याहप्त्याने चालूच. म्हणून पीककर्ज, विहिरीचे पैसे, मुलीच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावू नका. वर्षाचा आकडा ठरवा आणि तेवढेच काम काढा : एका वर्षी छप्पर आणि कागद, दुसऱ्या वर्षी ब्रेक आणि इंजिन, मग पत्रा आणि रंग.

जमत नसेल तर विकण्यातही कमीपणा नाही. पण वजनावर विकू नका. वहीतील खुणा, छायाचित्रे, नंबर हाताशी ठेवून मुंबईच्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या जाणकारांना दाखवा. दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि मगच बोलणी करा. सुटे भाग आधी कोणालाही देऊ नका; बिल्ला, दिवे, घड्याळे गेली की उरलेल्या गाडीची किंमत पडते.

ज्या माणसाने ती घेतली, त्याने त्या काळी कच्च्या रस्त्याने आजारी माणसे दवाखान्यात नेली असतील, सुना घरी आणल्या असतील. ती गाडी घरी ठेवायची की दुसऱ्या जाणत्या घरी द्यायची, हे तुम्ही ठरवा. मात्र तिचे नाव आणि साल कळल्याशिवाय काट्यावर चढवू नका. येत्या रविवारी एक वही, एक टेप आणि रॉकेलचा बोळा घेऊन कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारा. पहिले काम तेवढेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.